बिघाडाचे शौकीन

गिटार वाजवणारी दोन माणसं पहिल्यांदा भेटली की 'काय वाजवता?' हा प्रश्न बराच उशिरा येतो. आधी येतो तो 'काय लावता?' प्रश्न तारांबद्दलचा असतो. नऊच्या की दहाच्या? म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ सहस्रांश जाडीची की दहा सहस्रांश. दोन्हींतला फरक डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याहून कमी. तेवढ्या फरकावर दोन सुशिक्षित, वेळेवर आयकर भरणारे, एरवी मितभाषी असलेले गृहस्थ अर्धा तास सहज बोलतात. नऊवाला म्हणतो, तार ओढून सूर चढवायला सोपी जाते. दहावाला म्हणतो, सोपी जाते पण आवाजात जीव राहत नाही. तेवढ्यात तिसरा कुणी येऊन 'मी बाराच्या लावतो' म्हणाला, की त्याला बसायला खुर्ची मिळते.

पुण्यात आमची अशी एक बैठक रविवारी सकाळी भरते. घर दातांच्या एका डॉक्टरांचं. ते क्लासिकलवाले, म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार, डाव्या पायाखाली पाट आणि चेहऱ्यावर थोडा वैराग्यभाव. बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांची गिटार कोलकात्याची, नोकरीच्या पहिल्या वर्षात घेतलेली. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा येतो. त्याची गिटार एका पिशवीत असते आणि तिची पेडलं दुसऱ्या, तिच्याहून जड पिशवीत. शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई येतात. आणि मी. दहाला जमायचं आणि मग वाजवायचं असं ठरलेलं असतं. त्यातलं जमणं दहाला होतं.

मधल्या वेळात गिटारी या हातातून त्या हातात फिरतात. दुसऱ्याची गिटार हातात घेण्याचा एक रिवाज आहे. आधी वजनाचा अंदाज घेऊन भुवया उंचवायच्या. मग एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकायची आणि ती सरळ आहे का बघायचं. काय दिसलं ते सांगायचं नसतं, फक्त 'हं' म्हणायचं. मग मधल्या भोकाशी नाक नेऊन वास घ्यायचा. कुणाला ही चेष्टा वाटेल, पण लाकडी गिटार सगळेच हुंगतात. कुणी उघड, कुणी शिंक आल्याचं निमित्त करून. शेवटी एक कॉर्ड छेडायची, ती पूर्ण विझेपर्यंत थांबायचं आणि परत देताना 'छान आहे' एवढंच म्हणायचं. मालक त्या दोन शब्दांवर आठवडा काढतो.

डॉक्टरांचं निम्मं वाद्य त्यांच्या उजव्या हाताच्या नखांत आहे. डाव्या हाताची नखं साफ कापलेली, उजव्याची राखलेली. नख तुटलं की जगभरचे क्लासिकल गिटारवाले टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो नखाला डकवतात. डॉक्टर मात्र आपल्या धंद्याला जागतात. ते दातांना वापरायचं ॲक्रिलिक लावतात. अगदी बारीक काचकागदाची पट्टी गुडघ्यावर ठेवून ते अंगठ्याचं नख एका बाजूने तिच्यावर फिरवतात, थांबतात, तारेवरून ओढून कान देतात, पुन्हा दोनदा घासतात. दवाखान्यात रुग्णाच्या दाढेकडे याहून जास्त लक्ष देत असतील असं मला वाटत नाही. वहिनींनी बरणीचं झाकण उघडायला दिलं की ते डावा हात पुढे करतात.

काकांना हा नाद १९७३ साली लागला, 'यादों की बारात' बघून. त्यात झीनत अमान गिटार घेऊन 'चुरा लिया' म्हणते. काका सांगतात की वर्गातली सगळी मुलं झीनतकडे बघत होती आणि आपण एकटे गिटारकडे. बाईंचा यावर विश्वास नाही. त्या गाण्याच्या सुरुवातीला पंचमने काचेच्या ग्लासावर चमचा वाजवून घेतला आहे. गिटार परवडण्यासारखी नव्हती, म्हणून काकांनी सुरुवात ग्लास-चमच्यापासून केली. पुढे मुंबईला जाणं झालं की धोबीतलावला फुर्टाडोजच्या, म्हणजे १८६५ पासूनच्या त्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून ते घड्याळ बघत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हे कुणाची तरी वाट बघतायत. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून जी गिटार आली, तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की मधून पेन्सिल आरपार जाई. काका तिच्यावरच शिकले. बोटांना असे घट्टे पडले की कॅशला बसल्यावर नोट हाताला कळेना.

बाईंच्या मते गिटार शिकणाऱ्यांचे जगात दोनच वर्ग आहेत, एफच्या आधीचे आणि एफनंतरचे. सी, जी, ए मायनर या कॉर्ड दोन-तीन बोटांत आटपतात. शाळेतलं पोर त्या आठवड्याभरात धरतं आणि आईवडिलांना वाटतं, झालं, आता गॅदरिंगला उभं करायचं. मग एफ येते. तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून एकट्या त्याने सगळ्या तारा दाबायच्या आणि उरलेल्या तिघांनी पुढचं काम बघायचं. अंगठा मागून रेटत राहतो, मनगट कुरकुरतं, बोटावर तारांच्या रेघा उमटतात आणि एवढं करून छेडलं तर सहापैकी दोन तारा वाजतात. बाकीच्या नुसतं 'थप' म्हणतात. घराघरांतल्या माळ्यांवर ज्या गिटारी पडून आहेत, त्यांतल्या बहुतेक या एफपाशीच थांबल्या आहेत असं बाई म्हणतात. त्यावर हिंजवडीचा मुलगा म्हणतो, "बाई, सेटअप नीट नसेल. नट थोडा घासून घेतला की एफ येते." त्याचंही खरं असतं. बाईंचंही.

लाकडाचा विषय निघाला की डॉक्टर आणि काका आमनेसामने येतात. डॉक्टरांची गिटार स्पेनची, पण तिची पाठ आणि कडा भारतीय शिसवीच्या. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाल्यावर बड्या गिटारवाल्यांनी आपल्याकडच्या शिसवीला हात घातला. मार्टिन या १८३३ सालापासूनच्या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये. "आपल्या जंगलातलं लाकूड तिकडे पाठवायचं, ते गिटार होऊन आलं की वर जकात भरायची," काका म्हणतात. "आमच्या वाड्यात शिसवीचा पलंग होता. त्याच्या सांध्यांतले ढेकूण मारण्यात आमची सुट्टी जायची. त्यातून कसला सूर निघतो ते आम्हाला नका सांगू." डॉक्टर शांतपणे सांगतात की २०१७ साली शिसवीच्या साऱ्या जातभाईंवर आंतरराष्ट्रीय नियम आले, शिसव असलेली गिटार परदेशी विकायला पाठवायची तर परवाने लागू लागले, आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत दुकानदार मेटाकुटीला आले होते. "ढेकणांसाठी कुणी एवढे कायदे करत नाही, काका."

खरं तर पाठीच्या लाकडाचा हा वाद १८६२ मध्येच मिटायला हवा होता. आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्याने ठरवला, त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने त्या वर्षी एक गिटार केली. तिची वरची फळी लाकडाची, आणि पाठ व कडा चक्क पुठ्ठ्याच्या. सूर फळीत असतो, पाठीत फारसा नाही, हे त्याला दाखवायचं होतं. ही गोष्ट आम्हाला सांगितली ती डॉक्टरांनीच. सांगताना त्यांचा हात शिसवीच्या पाठीवरून फिरत होता.

मुलाचा देव वेगळा. ब्रायन मे हा क्वीनचा गिटारवादक. १९६३ साली, शाळेत असताना, वडिलांना हाताशी घेऊन त्याने घरच्या घरी गिटार बनवायला घेतली. मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. मानेवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आवाज थरथरवायच्या दांड्याला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. तो अजूनही तीच गिटार वाजवतो आणि पिकऐवजी सहा पेनीचं नाणं वापरतो. मधल्या काळात त्याने खगोलभौतिकीत पीएचडी घेतली, पण दुसरी गिटार मनापासून जवळ केली नाही. यावर काकांची पुस्ती ठरलेली असते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. "म्हणजे निम्मा क्वीन सातारा जिल्ह्यातला," काका म्हणतात, आणि सातारा जिल्हा त्यांचा असल्यामुळे कुणी काही बोलत नाही.

जूनमध्ये मात्र सगळे मतभेद मिटतात, कारण शत्रू एकच असतो. लाकडी गिटारला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत, त्यातून मुंबई-कोकणात, हवा ऐंशीच्या पुढे असते. फळी ओल पिऊन फुगते, पुढे येते, तारा वर उचलल्या जातात आणि कालपर्यंत येणारी एफ आज येत नाही. सकाळी तारेवरून बोट फिरवलं की बोटावर तपकिरी रेघ उमटते. घरात नवीन बूट आले की बाकीची माणसं बूट बघतात, आम्ही खोक्यातली सिलिका जेलची पुडी काढून घेतो. एप्रिलमध्ये उलटा प्रकार. पुण्याच्या कोरड्या उन्हात मानेचं लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट तेवढेच राहतात आणि त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. डॉक्टरांच्या घरी कुणाला ताप आला तर थर्मामीटर शोधावा लागतो. गिटारच्या पेटीतला आर्द्रतामापक मात्र रात्री वीज गेली तरी हाताला लागतो.

इतकं जपणाऱ्या माणसांना 'रेलिक' हा प्रकार पचवणं अवघड जातं. फेंडर कंपनीने १९९५ मध्ये कोऱ्या गिटारी कारखान्यातच खरवडून, रंग उडवून, खिळे-स्क्रू गंजवून विकायला काढल्या. चाळीस वर्षं गावोगावच्या हॉटेलांत वाजलेली दिसावी अशी नवी गिटार. तिची किंमत साध्या कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त. आपण टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणारी माणसं. सोफ्याचं कव्हर पाहुणे आले तरी निघत नाही, आणि ते कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर चादर असते. एवढ्याशा चऱ्याचे आपल्याकडून कुणी जास्तीचे पैसे घेईल हे काकांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या कोलकात्याच्या गिटारीकडे बघितलं. तिला चार ठिकाणी टवके गेलेले आहेत. तिचे आज काय येतील, असं त्यांनी हळूच विचारलं.

त्याच कंपनीचा लिओ फेंडर मूळचा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या गिटारींपैकी एक, १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर, त्याच्या हातून घडली. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नसे. ही माहिती आमच्या बैठकीत मी फार वेळा सांगतो, कारण तिने माझ्यासारख्याला धीर येतो.

या बैठकीत ऐकत बसल्यावर हळूहळू माझी एक समजूत झाली आहे. हे सगळे म्हणतात की आपल्याला चांगला, स्वच्छ आवाज हवा. तो कुणालाच नको असतो. स्वच्छ आवाज साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमधूनही निघतो, आणि तो ऐकून इथे कुणाचीही मान हलत नाही. यांना हवा असतो तो एक विशिष्ट बिघाड. शोध चालू आहे तो त्याचा.

गिटारचा अलीकडचा इतिहास बघितला तर तो बिघाडांनीच भरलेला दिसतो. १९५८ मध्ये लिंक रे याने 'रंबल' वाजवताना हवा तसा खडबडीत आवाज येईना म्हणून ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. त्या धूनमध्ये शब्द एकही नाही, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. भोकांचा परिणाम एवढा. १९६४ साली द किंक्सच्या डेव्ह डेव्हीजने स्पीकरच्या कागदी पडद्यावर सरळ ब्लेड चालवलं. त्याआधी नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेस गिटारचा आवाज भुंग्यासारखा गुणगुणू लागला. तो तसाच ठेवला, १९६१ मध्ये गाणं गाजलं, आणि मग तो मोडका आवाज मुद्दाम काढून देणारी डबी तयार झाली. १९६२ मध्ये ती मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आली. फझ पेडल म्हणून मुलाच्या पिशवीत आज जे आहे, ते त्या नादुरुस्त चॅनलचं वंशज. लिओच्या स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन घरांचा होता. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की तो दोन घरांच्या मध्ये अडकवून ठेवला की एक वेगळाच, जरा नाकातला आवाज येतो. मग काड्या खुपसून स्विच मध्येच रोवायची पद्धत पडली. कंपनीने पाच घरांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं.

माणसांचे बिघाडही याच खात्यात येतात. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती नेमकी हीच बोटं. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर कातडं लावलं, हाताला झेपाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. त्या सैल, जड, खर्जातल्या आवाजातून ब्लॅक सॅबथ उभा राहिला आणि हेवी मेटल सुरू झालं. आज पूर्ण दहा बोटं असलेली मुलं जगभर तारा सैल करून तो आवाज शोधत असतात. आमचा हिंजवडीचा मुलगाही त्यांतलाच.

आपल्याला हे नवं वाटायचं काही कारण नाही. मिरजेला शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी, म्हणजे मूळच्या शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी, सतार-तानपुरे करायला घेतले, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर कानशीने असा घासतो की तार तिच्यावर धड टेकत नाही आणि धड सुटतही नाही. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा. एका जागी तार एकदम बोलू लागते, तिच्यातून झणकार फुटतो. ही जवारी. याच झणकारासाठी आपण मिरजेला जाऊन पैसे मोजतो, आणि गिटारची तार फ्रेटला लागून तोच आवाज आला की गिटार दुरुस्तीला टाकतो. डॉक्टर आणि बाई यांच्यात यावर एकदा चांगलीच जुंपली होती. बाई म्हणाल्या, "म्हणजे बिघाड कुठला आणि जवारी कुठली, हे गावावर अवलंबून." डॉक्टरांनी उत्तर न देता नख घासायला घेतलं.

बाईंच्या हातात आणखी एक हुकमी पान असतं. मुलाचा ट्यूनर अचूक, डॉक्टरांचा त्याहून अचूक, तरी दोघांच्या गिटारी एकत्र वाजल्या की बाईंचा चेहरा किंचित आंबट होतो. फ्रेट एकदा ठोकले की सप्तकाचे बारा समान तुकडे ठरून जातात आणि त्या वाटणीत शुद्ध गंधार जरा चढाच पडतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला तो टोचतो. हीच तक्रार आपण हार्मोनियमबद्दल केली होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. जेम्स टेलरसारखा गायक तर प्रत्येक तार ट्यूनरच्या खुणेपेक्षा किंचित उतरवून लावतो, आणि ती किती उतरवायची हेही तारेगणिक वेगळं. म्हणजे सुरात लावायची म्हणून मुद्दाम थोडी बेसूर लावायची. हे ऐकल्यावर मुलाने आपला ट्यूनर खिशात घातला आणि दुसऱ्या आठवड्यात असे आकडे भरता येणारा नवा आणला.

त्याच्या पेडलांच्या पिशवीकडे या नजरेने पाहिलं की ती एकदम समजते. तिच्यातली बहुतेक पेडलं चांगला आवाज घेतात आणि बिघडवून देतात. एक गुळगुळीत बिघडवतं, एक खरखरीत, एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प धापा टाकतोय असं. रेडिओतून व्हॉल्व्ह कधीच गेले, पण गिटारवाल्यांसाठी ते अजून बनतात, कारण ताण पडला की व्हॉल्व्ह एकदम तुटक फाटत नाही, हळूहळू फाटतो. १९९४ पासून बिल फिनेगन नावाच्या अमेरिकन माणसाने क्लॉन सेंटॉर हे पेडल हाताने बनवून विकलं आणि नक्कल होऊ नये म्हणून आतल्या सर्किटवर काळं इपॉक्सी ओतून ठेवलं. लोकांनी ते खरवडून आत काय आहे ते पाहिलंच. आज मूळ पेडल हजारो डॉलरला जातं. मुलाकडे नक्कल आहे, आणि तो तिला नक्कल म्हणत नाही. "क्लॉन जातीचं" म्हणतो.

मोठ्या माणसांच्या गिटारी लिलावात काय भावाने जातात, तेही इथे सगळ्यांना तोंडपाठ. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली. कर्ट कोबेनची मार्टिन २०२० मध्ये साठ लाखांना. घेणाऱ्याला गिटार मिळाली. त्यात गिलमोर किंवा कोबेन किती आला, हा प्रश्न काका बँकेच्या सवयीने नेहमी विचारतात. टेड न्यूजंट नावाचा अमेरिकन गिटारवादक यावर एक किस्सा सांगतो. एडी व्हॅन हेलनची जादू त्याच्या यंत्रसामग्रीत आहे असं त्याला वाटायचं. एकदा एडीचीच गिटार आणि एडीचाच ॲम्प हाताशी आला. वाजवून बघितलं, तर आवाज टेड न्यूजंटचाच निघाला.

हा किस्सा आम्ही सगळ्यांनी ऐकलेला होता आणि तो मोठ्या लोकांना लागू आहे असं धरून चाललो होतो. मग एका रविवारी गिटारी फिरता फिरता काकांची गिटार डॉक्टरांकडे राहिली, डॉक्टरांची मुलाकडे, मुलाची माझ्याकडे, आणि काकांच्या हातात बाईंची आली. तशात कुणीतरी एक जुनं गाणं धरलं, एकेक कडवं एकेकाने वाजवायचं ठरलं. वहिनी आत पोहे परतत होत्या. पहिलं कडवं संपायच्या आत त्या आतूनच म्हणाल्या, "काका, जरा दमानं. अंतऱ्याला आगगाडी सुटत नाहीये." काका बाईंची गिटार वाजवत होते, पण घाई त्यांची होती. पुढच्या कडव्याला वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमचं चाललंय ना? मग मी झाकण ठेवते, वेळ लागेल." डॉक्टर एफवर येताना बोट नीट ठेवून, श्वास घेऊन मगच छेडतात; काकांच्या टवके उडालेल्या गिटारवरही तो श्वास ऐकू आला. मुलाचं कडवं पेडलाशिवाय होतं, तरी त्याने शेवटची तार एवढी ओढली की ती परत येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. माझ्याबद्दल वहिनी काही म्हणाल्या नाहीत. एका कडव्यात बारा वेळा डी कॉर्ड कोण वाजवतं, हे सांगायची गरज नव्हती.

एवढी वर्षं तारा, लाकूड, पेडल, व्हॉल्व्ह यांवर चर्चा करणाऱ्या पाच माणसांना स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजातही, पाठीमागून ओळखता येत होतं, आणि ते त्यांच्या चुकांवरून. मुलगा थोडा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे एवढे पैसे घालून उपयोग काय? आपण आपल्यासारखेच वाजणार." बाई म्हणाल्या, "नाहीतर कुणासारखं वाजायचं होतं?" काका मात्र विचारात पडले होते. त्यांचं म्हणणं असं, की घाई त्यांची आहे हे कबूल, पण बाईंच्या गिटारवर ती घाई वाटत नव्हती. जरा उत्साह वाटत होता. डॉक्टर म्हणाले, त्यांचाही श्वास काकांच्या गिटारवर बरा लागत होता, शिसवीवर तो फार मोठा होतो.

मला तेव्हा या साऱ्या गिटारप्रेमाचा हिशेब लागला. ब्रायन मे याला आपला बिघाड शेकोटीत सापडला, आयोमीला साबणाच्या बाटलीत, मिरजेच्या कारागिराला दोऱ्यात. प्रत्येकाजवळ एक जन्माचा बिघाड असतो, तो जात नाही. तो कुठल्या वाद्यावर जवारीसारखा लागतो एवढंच शोधायचं असतं. आता हे शोधायचं तर ताडून बघायला निदान दोन गिटारी हव्यात, हे उघड आहे. हे गणित मी घरी नीट मांडून दाखवलं. बाकी सगळं घरच्यांना पटलं आहे, फक्त त्यातल्या 'निदान' या शब्दाला त्यांची हरकत आहे.